दंगा काबूची रंगीत तालीम आणि मागची मोकळी वाट

कळवेकर

गणेशोत्सव जवळ आला की ठाणे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत ठिकठिकाणी दंगा काबू योजनेची रंगीत तालीम होते, त्यामुळे गेल्या आठवड्यात आमच्या भागातील मोठ्या चौकात ती झाली यात नवल असे काही नव्हते. फरक इतकाच की या वेळी मी दूध घेऊन परतत असताना रस्ता अडवला गेला आणि औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली.

वीस-पंचवीस पोलीस साध्या कपड्यांत 'जमाव' झाले होते. त्यांनी घोषणा दिल्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि कागदाचे बोळे फेकले, एक जुने टायर पेटवले. समोर ढालींची रांग उभी राहिली, ध्वनिक्षेपकावरून पांगण्याचा इशारा दिला गेला, मग शिटी वाजली आणि लाठ्या ढालींवर आपटत ती रांग पुढे सरकली. अश्रुधुराचे एक नळकांडे फुटताच जमाव मागे पळाला, ठरल्याप्रमाणे दोघे आडवे पडले आणि त्यांना स्ट्रेचरवरून नेण्यात आले. एकाची चप्पल मागे राहिली होती, ती घ्यायला तो हसत हसत परत आला. सगळे मिळून दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. तालमीसाठी चौकाचे चारही रस्ते रिकामे केले होते. प्रत्यक्ष उत्सवात त्यांपैकी एकावर मंडप असतो, दुसरा रेल्वेच्या पादचारी पुलाच्या जिन्याशी जाऊन संपतो, तिसऱ्यावर दुतर्फा रिक्षा आणि दुचाक्या उभ्या असतात आणि चौथ्या रस्त्याने पोलीसच येणार असतात. मग पांगण्याचा आदेश मिळालेल्या माणसाने जायचे कोठे? प्रशिक्षणात या प्रश्नाचा विचार होतो का, हे जाणकारांनी सांगावे.

माजी_एसआरपी

कळवेकर साहेब, प्रश्न नेमका आहे. मी राज्य राखीव पोलीस बलात नोकरी केली आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. अशा तालमींत मी दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे, आणि खरे सांगायचे तर जमाव होण्याचे काम जास्त आवडीचे असे.

आपण जे पाहिले त्याची रचना अशी असते. तुकडीचे भाग पाडलेले असतात: पुढे ढाल आणि लाठी पार्टी, तिच्या मागे गॅस पार्टी, त्यामागे रायफल पार्टी, शिवाय पकडलेल्यांना मागे नेणारे आणि जखमींना उचलणारे. बळ पायरीपायरीने वाढवायचे, पायरी गाळायची नाही आणि जमाव हलू लागला की थांबायचे, हा सगळ्या शिक्षणाचा गाभा. लाठी कमरेखाली, मांडीवर किंवा पोटरीवर मारायची, डोके टाळायचे. गॅसचे नळकांडे माणसावर नेम धरून डागायचे नाही, ते जमिनीवर पडले पाहिजे. त्याआधी वारा पाहायचा. ठाण्यात दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून खाडीकडे वाहतो. हे विसरून पूर्वेकडे उभ्या राहिलेल्या तुकडीने गॅस सोडला, तर जमावाआधी तिचेच डोळे चुरचुरतात. एकदा आमचेच चुरचुरले होते.

मोकळ्या वाटेबद्दल विचाराल तर ती शिकवतात. जमाव सर्व बाजूंनी घेरायचा नाही आणि पुढे सरकण्याआधी त्याची परतीची वाट कोणती ते ठरवायचे, हे आम्हाला पहिल्या काही पाठांतच सांगितले गेले. अडचण अशी की मैदानावर ती वाट आपोआप असते. चुन्याची रेघ मारली, तिच्या पलीकडे जमाव, त्याच्या मागे अख्खे मैदान. नऊ महिन्यांच्या मूलभूत प्रशिक्षणातून बाहेर पडलेल्या शिपायाने जमाव नेहमी सरळ मागे पळतानाच पाहिलेला असतो. खरा जमाव तसा पळत नाही. पुढच्यांना पळायचे असते आणि मागच्यांना पुढे काय चालले आहे हे दिसत नसते, म्हणून मागचे पुढेच ढकलत राहतात. ढालीच्या काचेवर स्वतःच्याच श्वासाची वाफ धरलेली असते आणि तिच्यातून शिपायाला एवढेच दिसते की माणसे अंगावर येत आहेत.

वागळेकर_१६

चर्चा चांगली आहे, तरी मला एक बाजू मांडाविशी वाटते. माझे दुकान रस्त्यालगत आहे. दगड सुरू झाले की शटर ओढायला मिळतात ते दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांत पोलिसांनी वाट कोठे आहे याचा नकाशा काढत बसावे, अशी माझी तरी अपेक्षा नाही. लाठीचा धाक असतो म्हणून पुष्कळ गोष्टी घडत नाहीत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

बेलापूरचा_वकील

वागळेकरांची भावना समजते, परंतु लाठी उचलण्याचा अधिकार कोठून येतो हे आधी पाहावे लागेल.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुन्या कलम १२९ मधील तरतूद आता कलम १४८ मध्ये आहे. कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा ते हजर नसतील तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी बेकायदेशीर जमावाला, अथवा सार्वजनिक शांतता भंग करण्याची शक्यता असलेल्या पाच किंवा अधिक व्यक्तींच्या जमावाला, पांगण्याचा आदेश देऊ शकतो. आदेशानंतर जमाव पांगला नाही, किंवा आदेश दिला नसतानाही न पांगण्याचा निर्धार त्याच्या वागण्यातून दिसला, तरच बळाचा वापर करता येतो. म्हणजे ध्वनिक्षेपकावरचा तो इशारा हा उपचार नसून पुढच्या सगळ्या कारवाईचा कायदेशीर पाया आहे.

यातून कळवेकरांच्या प्रश्नाला एक धार येते. जो आदेश पाळणे शारीरिकदृष्ट्या शक्यच नाही, तो मोडला असे म्हणता येईल का? जिन्यावर अडकलेला माणूस 'पांगला नाही' म्हणून त्याच्यावर लाठी चालवली, तर न्यायालयासमोर त्याचे समर्थन करणे मला तरी कठीण वाटते. रामलीला मैदानावरील २०११ च्या कारवाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला. झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री झालेल्या त्या कारवाईबद्दल न्यायालयाने पोलिसांना खडे बोल सुनावले होते.

थोडे अवांतर: आपल्याकडे वर्तमानपत्रांत वारंवार येणारे 'मनाई आदेश' बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली काढलेले असतात. ते लागू आहेत एवढ्यावरून लाठीमार आपोआप वैध ठरत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत चर्चेत नेहमी होते.

नेरूळ_पूर्व

मी मोठ्या कार्यक्रमांच्या सुरक्षिततेच्या आखणीचे काम करते. स्टेडियमवरील सामने आणि संगीताचे कार्यक्रम यांमुळे आमच्या भागाला गर्दीची सवय आहे. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. आपण 'जमाव' म्हटले की दंगा समजतो, पण आपल्या आसपास गर्दीत जे बळी गेले त्यांतले कितीतरी दंग्यात गेलेले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. तेथे कोणी दगड उचलला नव्हता. पाऊस होता आणि जिना अरुंद होता. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जण उष्माघाताने गेले. ते तर हात जोडून शिस्तीत बसलेले श्रीसदस्य, म्हणजे धर्माधिकारी यांचे अनुयायी होते.

गर्दीचे गणित दाटीवर चालते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत माणूस आपल्या पायाने चालतो. पाचाच्या पुढे धोका सुरू होतो. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. एका टोकाला दिलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि मध्ये उभ्या असलेल्याचे पाय कधी जमिनीवरून सुटतात हे त्यालाही कळत नाही. चेंगराचेंगरीत माणूस तुडवला गेल्याने मरतो असा आपला समज आहे, परंतु अनेकदा तो उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतो, कारण बरगड्यांना फुगायला जागाच उरत नाही. म्हणून दाटीत सापडल्यास दोन्ही हात छातीसमोर आडवे धरावेत, मोबाईल उचलायला वाकू नये आणि धक्क्याच्या उलट जोर लावू नये.

आता माजी_एसआरपी काकांनी सांगितलेले चित्र यावर ठेवून पाहा. पुढून ढालींची रांग, मागे मंडप, आणि मध्ये आधीच पाचच्या दाटीचा जमाव. ती रांग दहा पावले पुढे आली की दाटी किती होईल? कोणाच्याही अंगाला लाठी न लागता तेथे माणसे दगावू शकतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात हा विचार आहे. शिपायाच्या कवायतीत तो कितपत उतरला आहे, याबद्दल मला शंका आहे.

जासईकर

मी वयाने येथे सर्वांत मोठा असेन. उरण आणि पनवेलच्या गावांत १६ आणि १७ जानेवारी १९८४ या तारखा कोणाला सांगाव्या लागत नाहीत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याची योजना त्या रक्तावर उभी आहे. त्या वेळी मी दाव्याने बांधलेली जनावरे सोडून वडिलांना शोधायला निघालो होतो. मिठागरांच्या बांधावरून माणसे एकामागोमाग एक पळत होती, कारण दोघांना शेजारी पळता येईल एवढीही रुंदी त्या बांधाला नव्हती. वाट म्हटल्यावर मला तो बांध आठवतो.

२४ जून २०२१ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील साहेबांचे नाव मिळावे म्हणून सिडकोला घेराव घालायला निघालो, तेव्हाही हजारो माणसे होती. पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता. मात्र कोठे थांबायचे, कोठून परतायचे, हे आमच्या पोरांना आधीपासून ठाऊक होते. गाव तेच, माणसांचा राग तोच, आणि त्या दिवशी आम्ही सगळे संध्याकाळी घरी जेवायला होतो.

भिवंडी_यंत्रमाग

जासईकर काकांना नमस्कार. आमच्या गावाचे नाव या विषयात टाळता येणार नाही, म्हणून मीच घेतो. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर येथे दंगल झाली आणि न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा झाली. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक मोहल्ल्यातील दोन्ही समाजांची माणसे नियमितपणे एकत्र बसत आणि त्यांच्यासोबत त्या भागाची जबाबदारी दिलेला पोलीस बसे. वडील सांगत की त्या बैठकांत निम्मा वेळ गटार, पाण्याचा नळ आणि मागाच्या आवाजाच्या भांडणांतच जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, ती या ओळखीमुळे.

परंतु गोष्ट येथेच थांबवली तर ती अर्धी राहील. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचे प्राण घेतले. समित्या ही एकदा लस टोचून विसरून जाण्याची गोष्ट नाही. बदल्या होतात, माणसे पांगतात, पुन्हा ओळखी कराव्या लागतात.

प्रशिक्षणाबद्दल माझे म्हणणे एवढेच की आमच्या गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते. तेथे अश्रुधूर सोडला तर तो जमावाच्या डोळ्यांत जाण्याआधी पहिल्या मजल्यावरच्या पाळण्यात जातो. मैदानावर शिकवलेले येथे जसेच्या तसे चालणार नाही आणि हे तुकडीला भिवंडीत उतरल्यावर कळून उपयोग नाही.

माजी_एसआरपी

नेरूळच्या ताईंनी जो हिशेब मांडला तो मी नोकरीत असताना कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितला असता, तर बरे झाले असते.

काही गोष्टी राहिल्या. वर्तमानपत्रांत 'हवेत गोळीबार' हा शब्द फार सौम्य अर्थाने येतो. १९६४ साली पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने बळाच्या वापराबाबत आदर्श नियम स्वीकारले, त्यांत हवेत किंवा जमावाच्या डोक्यावरून गोळी झाडायला मनाई आहे. गोळी झाडण्याची वेळ आलीच तर ती खाली नेम धरून, सर्वांत धोकादायक भागावर आणि कमीत कमी. ऐकायला क्रूर वाटते, पण डोक्यावरून गेलेली गोळी गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला लागते आणि त्याचा कशाशीच संबंध नसतो.

दुसरी गोष्ट थकव्याची. एका बंदोबस्तात आमची तुकडी पहाटे चारला उभी राहिली ती संध्याकाळी सातपर्यंत. मधे पुरी-भाजीचे एक पाकीट मिळाले आणि पाणी संपले होते. सहाच्या सुमारास एक पोरगा माझ्या शेजारच्या शिपायाला काहीतरी बोलला. सकाळी तेच वाक्य त्या शिपायाने हसून सोडून दिले असते. संध्याकाळी त्याची लाठी उठली आणि मी मनगट धरले म्हणून राहिली. कवायतीत आम्हाला सकाळच्या थंड वेळी, नाश्ता करून, ताजेतवाने असताना शिकवतात. चौदा तास उभे राहिल्यानंतर तीच कवायत एकदा तरी करून घ्यावी, असे मला नेहमी वाटे. वरिष्ठांना सांगून पाहिले, ते हसले.

तळोज्याला केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या द्रुत कृती दलाची १०२ वी बटालियन आहे. निळ्या ठिपक्यांच्या गणवेशातील जवान आपण पाहिले असतील. हे दल ७ ऑक्टोबर १९९२ पासून कार्यरत आहे आणि त्यांचे कामच जमाव हाताळण्याचे. ते शांततेच्या काळातही संवेदनशील भागांत जाऊन गल्ल्यांची ओळख करून घेतात, स्थानिक माणसांना भेटतात. भिवंडीकरांना जे हवे आहे ते हेच. आपल्या ठाण्यांच्या दंगा नियंत्रण पथकांना एवढी सवड मिळत नाही. ती माणसे आज आरोपीला न्यायालयात नेण्याच्या कामावर, उद्या मंत्र्यांच्या दौऱ्यावर असतात.

वागळेकर_१६

डोक्यावरून गोळी झाडायला मनाई आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी उलटेच समजत होतो. तरी एक प्रश्न उरतोच. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक दिवसभर रुळांवर बसले होते. वाट दोन्ही बाजूंना मोकळी होती, रूळ कल्याणपासून कर्जतपर्यंत मोकळेच असतात. मग तेथे दगडफेक आणि लाठीमार का झाला?

नेरूळ_पूर्व

रुळांवरून 'जा' म्हणणे सोपे आहे, पण फलाटाची उंची चढून जायला वेळ लागतो आणि वयस्क माणसाला तर हात द्यावा लागतो. शिवाय जमावाच्या पायाखाली संपूर्ण खडी असते, म्हणजे दगड आणावा लागत नाही. स्थानकात रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस आणि शहर पोलीस अशी तीन दले वेगवेगळ्या वरिष्ठांच्या हाताखाली उभी असतात. माझ्या मते रुळांवरच्या जमावाची तालीम या तिघांनी एकत्र, खऱ्या फलाटावर, रात्रीच्या मेगाब्लॉकमध्ये करायला हवी.

तेथील राग का होता हे आपण सगळे जाणतो. दोन लहान मुलींच्या बाबतीत जे घडले त्याची दखल वेळेवर घेतली गेली नाही, असा लोकांचा आक्षेप होता. तो राग लाठीने उतरणारा नव्हता. मंत्री आले तरी लोक उठले नाहीत.

बेलापूरचा_वकील

याला जोडून आपल्याच वाशीचे उदाहरण द्यावेसे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे यांच्यासोबत आलेला मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीत मुक्कामाला होता. बाजार समितीच्या आवारात माणसे झोपली, रस्त्यावर चुली पेटल्या आणि २७ तारखेला सकाळी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत उपोषण सुटल्यावर एवढा मोठा समुदाय आल्या वाटेने परतला. त्याआधी १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत याच आंदोलनावर लाठीमार झाला होता आणि त्यानंतर ते राज्यभर पसरले. लाठी आणि संवाद, दोन्हींचे परिणाम एकाच आंदोलनात पाहायला मिळाले.

कळवेकर

सर्वांचे आभार. काल आमच्या भागात शांतता समितीची बैठक झाली, तेव्हा मी ही चर्चा मनात ठेवूनच गेलो होतो. एका कागदावर चौक काढला, मंडप, रिक्षाथांबा आणि पुलाचा जिना दाखवला आणि बैठकीला आलेल्या अधिकाऱ्यांना विचारले की येथे तुम्ही पांगा म्हणालात तर आम्ही कोठे जावे. ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना विचारले की मंडप मागे किती सरकू शकतो.

अध्यक्ष म्हणाले, चार फूट. अधिकारी म्हणाले, आठ. सहा फुटांवर तडजोड झाली आणि त्या बाजूच्या दुचाक्या दहा दिवस शाळेच्या आवारात लावण्याचे ठरले. शाळेची परवानगी अजून यायची आहे. पुलाच्या जिन्याचे काय करायचे यावर मात्र उत्तर मिळाले नाही, कारण तो रेल्वेच्या हद्दीत येतो आणि रेल्वेतून बैठकीला कोणी आले नव्हते. माजी_एसआरपी साहेब, त्यांना पत्र कोणाच्या नावे लिहावे लागेल, तेवढे सांगावे.

माजी_एसआरपी

ठाणे लोहमार्ग पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना एक आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या ठाण्याच्या निरीक्षकांना एक, अशी दोन पत्रे लिहा. स्थानक व्यवस्थापकांना प्रत द्या. सोबत तो कागदावरचा चौक जोडा आणि जिन्याची रुंदी स्वतः टेपने मोजून त्यावर लिहा. पत्र टपालाने न पाठवता हातोहात द्या आणि पोच घ्या.